न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (पचनसंस्था, स्वादुपिंड) किती लोकांना होतो? मुंबईत किती रुग्ण असतील?

वडिलांच्या बायोप्सीत हे नाव आलंय म्हणून विचारताय, तर आधी ‘किती’ म्हणजे काय ते ठरवू. (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून झालेली गाठ.) वर्षात नव्याने सापडणारे रुग्ण थोडेच. आजार घेऊन जगणारे मात्र त्या मानाने बरेच.

अमेरिकेच्या सीअर (SEER) या सरकारी कर्करोग नोंदणीत सगळ्या अवयवांचे मिळून हे ट्यूमर 1973 साली लाखामागे 1.09 होते, 2012 साली 6.98. त्यात पचनसंस्था आणि स्वादुपिंडाचा वाटा 2000 ते 2012 या काळात वर्षाला लाखामागे 3.56. लहान आतडं 1.05, गुदाशय 1.04, स्वादुपिंड जेमतेम 0.48. वाढ बरीचशी तपासण्यांमुळे दिसते: दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सीटीत स्वादुपिंडावर छोटी गाठ निघते, नाहीतर कोलोनोस्कोपीत गुदाशयात पिवळसर, गुळगुळीत फुगवटा दिसतो.

2011 च्या जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाख. 3.56 ने गुणलं तर वर्षाला साधारण 440. हा आकडा जपून वापरा. तो दर अमेरिकेच्या वयोरचनेवर बेतलेला आहे आणि मुंबई त्यापेक्षा तरुण. शिवाय जपान-कोरियात गुदाशयातले जास्त, लहान आतड्यातले कमी; म्हणजे अवयवांचं प्रमाणही जसंच्या तसं लागू होत नाही. परळच्या टाटाच्या ओपीडीवरून हिशेब करू नका, तिथे अर्ध्या देशातून रुग्ण येतात. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 पासूनची, पण अशा नोंदणीचे नेहमीचे तक्ते अवयवानुसार असतात. स्वादुपिंडाचं सगळं ‘सी 25’ या अवयवाच्या कोडखाली जातं. न्यूरोएंडोक्राइन वेगळे काढायचे तर पेशीप्रकाराचा कोड (8240, 8246 वगैरे) लागतो.

आता जगणाऱ्यांचं. अमेरिकेत 2012 साली, मागच्या 20 वर्षांत निदान झालेले आणि हयात असलेले लाखात 48, सगळे अवयव धरून. स्वादुपिंडाच्या नव्या कर्करोगांत हे 1 ते 2 टक्केच, पण त्या कर्करोगासह जगणाऱ्यांत सुमारे 10 टक्के, कारण हे रुग्ण जास्त वर्षं जगतात.

म्हणून गूगलवरचे ‘पॅनक्रियाटिक कॅन्सर’चे आकडे वडिलांना लावू नका. रिपोर्टमध्ये की-67 (गाठीतल्या किती टक्के पेशी वाढत आहेत त्याचं माप) बघा, त्यावरून ग्रेड, म्हणजे गाठ किती वेगाने वाढते ते ठरतं: 3 टक्क्यांखाली ग्रेड 1, 3 ते 20 ग्रेड 2, त्यावर ग्रेड 3. ग्रेड 3 असेल तर ‘ट्यूमर’ लिहिलंय की ‘कार्सिनोमा’ (जास्त आक्रमक प्रकार), हे पॅथॉलॉजिस्टकडून स्पष्ट करून घ्या. दोघांचे उपचार वेगळे.