पाणी पिऊनही पायात गोळे का येतात?

प्रश्न : केळी कापणीला जातो. दिवसभर पाणी पितो, तरी संध्याकाळी पायात गोळे येतात, डोकं दुखतं. घाम तर फारसा येतही नाही. (रावेर)

उत्तर : घाम भरपूर येतो, भाऊ. आपल्याकडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की तो अंगावर टिकत नाही. सदरा वाळल्यावर पाठीवर पांढरे डाग दिसतात, ते तुमच्या अंगातून गेलेलं मीठ. नुसत्या पाण्यानं ते भरून निघत नाही. तहानेची वाट न पाहता दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्या. एकदम तांब्यावर तांबे रिचवू नका. जेवताना मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं हवंच. गोळे आले की काम थांबवा, सावलीत बसा, ओआरएस घ्या. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी पेल्यात टाकायची सवय वाईट. केलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, हे विसरू नका.

प्रश्न : खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरं का? (चोपडा)

उत्तर : नाही. कांदा भाकरीसोबत खा. डोक्याला ओला रुमाल बांधा.

प्रश्न : सासऱ्यांचं वय ७२, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. पाणी मागतच नाहीत. (भुसावळ)

उत्तर : ताई, या वयात तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून न मागता थोडं थोडं देत राहा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, पण गोळी मनानं बंद करू नका. मिठाचं ताक, ओआरएसही डॉक्टरांना विचारूनच. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं मापसुद्धा. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजा. अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध झालंय, तर तो उष्माघात. १०८ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, पंखा लावा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. आजी म्हणतात, उन्हाळ्यात पाणी पाजावंच लागतं. (अमळनेर)

उत्तर : सहा महिने पुरे होईपर्यंत वरचं पाणी नको, कितीही ऊन असो. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं. बाळाला वरचेवर पाजा, आणि तुमच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवायचं काम आजींवर सोपवा.