खोडलेलं आधी वाच

बाळा,

दोन स्क्रीनभर मजकूर लिहिलास आणि शेवटी एकच प्रश्न, "काका, मामाशी बोलणं बंद करू का?" बाकी सगळं मला समजलं. गौरीच्या जेवणाला विषय निघाला, मामा म्हणाला आपल्या नॉर्थ कॅरोलायनातला बारा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारा कायदा समंजस आहे आणि त्यात बायकांसाठी पगारी रजासुद्धा आहे, तुझ्या मैत्रिणीने ताट बाजूला सारलं आणि ती उठून गेली, आणि आता कॉलेजात तुला ऐकवतायत की तू गप्प बसलीस म्हणजे तू पण त्यांच्यातलीच. तुझं मत काय आहे ते मला माहितीये, माझं तुला माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. मला एकच विचारायचंय. एसबी २०, म्हणजे त्या कायद्याचं सिनेट बिल, तू वाचलंस का? मामाने? मैत्रिणीने?

कोणीच नाही. जेवणाला बसलेल्या सगळ्यांत एकाने पण नाही. चिडतोय मी, हो, कारण हे मी तुला तू दहावीत असल्यापासून सांगतोय.

मामा खोटं बोलत नाहीये. पगारी रजा आहे त्यात, राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि सरकारी शाळेतल्या शिक्षकांना, बाळंतपणानंतर आठ आठवडे. तुझ्या मैत्रिणीला हे ठाऊक असतं तर तिला मामाला विचारता आलं असतं की बाबा रे, ही रजा वेगळ्या बिलात आणली असती तर दोन्ही बाजूंनी मतं दिली असती की, मग ती वीस आठवड्यांची मर्यादा बारावर आणणाऱ्या बिलातच का घातली? आणि मामाला जर माहीत असतं की एसबी २० हे मुळात नवजात बाळ सुरक्षितपणे सोपवण्याबद्दलचं बिल होतं, त्याच्या पोटात हा सगळा मजकूर भरला, २ मे २०२३ च्या रात्री जाहीर केला आणि ४ मेपर्यंत दोन्ही सभागृहांतून बाहेर काढला, आणि तोही कॉन्फरन्स रिपोर्ट म्हणून, म्हणजे कोणाला दुरुस्ती सुचवायची सोयच नाही, फक्त हो नाहीतर नाही, तर मामा समंजस हा शब्द वापरताना थोडा थांबला असता असं मला वाटतं. मी ओळखतो त्याला. तेव्हाचा डेमोक्रॅट गव्हर्नर कूपर, त्याने १३ तारखेला व्हेटो केला, १६ तारखेला विधिमंडळाने तो एका दिवसात दोन्हीकडे उडवला. घाईचं काम होतं ते, आणि घाई कुणाला का होती ते बिलाची हिस्टरी उघडली की तारखांवरूनच दिसतं.

माझे वडील तलाठी होते हे तुला माहितीये. जमीन बघायला आलेल्या माणसाला ते सांगायचे, विहीर नंतर बघ, आंब्याची झाडं नंतर मोज, आधी सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना वाच. बोजा तिथे असतो. सोसायटीचं कर्ज तिथे, कुळाचं नाव तिथे. हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं आणि ऐन वेळेला विसरलो, त्याची किंमत दिली.

२०१६ ची गोष्ट तुला अर्धीच माहितीये. तेव्हा तू लहान होतीस, शाळेतल्या बाथरूमवरून काहीतरी गाजतंय एवढंच तुझ्या कानावर असणार. शार्लट शहराने फेब्रुवारीत एक नियम केला की ट्रान्सजेंडर माणसांना आपापल्या ओळखीप्रमाणे बाथरूम वापरता येईल, त्यावर राजधानी रालेमध्ये २३ मार्चला एक दिवसाचं खास अधिवेशन बोलावलं, तो नियम मोडीत काढणारं एचबी २, म्हणजे हाऊस बिल, मांडलं, हाऊसमध्ये काही डेमोक्रॅट्सनी पण बाजूने मत दिलं, सिनेटमधले डेमोक्रॅट उठून गेले त्यामुळे तिथे ३२ विरुद्ध ० ने पास झालं, आणि त्याच रात्री तेव्हाचा गव्हर्नर मॅक्रोरीने सही केली. सकाळी मांडलेलं बिल झोपायच्या आत कायदा. नंतर निषेध म्हणून पेपॅलने शार्लटमधल्या ४०० नोकऱ्यांचा बेत रद्द केला, एनबीएने बास्केटबॉलचा ऑल-स्टार गेम न्यू ऑर्लिन्सला नेला, ते सगळं झालं.

आणि आम्ही काय करत होतो? मी आणि माझा सांगलीचा मित्र, वीस वर्षांची कारपूल, एकाच क्षेत्रातली नोकरी, आम्ही रोज बाथरूमवरून भांडत होतो. तो कट्टर रिपब्लिकन, मी असा. सकाळी गाडीत, संध्याकाळी फोनवर, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लहान मुलींची सुरक्षा, ट्रान्स मुलांची सुरक्षा, तू माणूस आहेस का, तू बाप आहेस का, इथपर्यंत गेलं. मी जे बोललो ते मुद्दा म्हणून आजही मला मान्य आहे, त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही.

पण बिल पाचेक पानांचं होतं गं. पाच पानं! आणि त्यात तीन भाग होते. पहिल्या भागात बाथरूम. दुसऱ्या भागात असं की कुठल्याही शहराला किंवा काउंटीला खासगी कंपन्यांसाठी स्वतःचं किमान वेतन ठरवता येणार नाही. म्हणजे डरहॅम शहराने ठरवलं की आमच्याकडे पगार जास्त हवा, तर डरहॅमला ते जमणार नाही, बाथरूमशी काय संबंध याचा? आणि तिसरा भाग, त्याचं शीर्षक नोकरीतल्या हक्कांचं संरक्षण वगैरे, आणि त्याच्या पोटातलं एक वाक्य सांगत होतं की या धोरणाच्या आधारे कोणालाही दिवाणी दावा करता येणार नाही. वय, वंश, धर्म, काहीही कारण असो, त्या कारणाने कामावरून काढलं तरी राज्याच्या कोर्टाचं दार बंद. नावात संरक्षण आणि आत कुलूप.

मला सप्टेंबर २०१५ मध्ये काढलं होतं, चोपन्नाव्या वर्षी. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं ठेवली आणि मला आणि माझ्या वयाच्या दोघांना पुठ्ठ्याचा खोका दिला. फेडरल तक्रार करायला इथे १८० दिवस असतात, ते मी घालवले, कारण मला कोणीतरी सांगितलं होतं की राज्याच्या कोर्टात तीन वर्षं मिळतात, तर मी म्हटलं आधी दुसरी नोकरी बघू, नंतर लढू. एप्रिलमध्ये वकिलाकडे गेलो. ती बाई शांतपणे म्हणाली, ते दार मागच्या महिन्यात बंद झालं, एचबी २ ने. मी त्या कायद्यावर तीन आठवडे रोज दोन तास भांडलेला माणूस, आणि माझ्यावर लिहिलेली ओळ मला तिच्या ऑफिसात बसून कळली.

आणि पुढचं ऐक, हे मी तुझ्या काकूशिवाय फार कोणाला सांगितलेलं नाही. जुलैत विधिमंडळाने तो हक्क परत दिला, पण तीन वर्षांच्या ऐवजी एक वर्षाची मुदत लावून. ती बातमी छोटी होती, सगळे बाथरूमबद्दलच लिहीत होते, आणि मी परत वाचलं नाही. दिवाळीत एकाच्या घरी कळलं. तोपर्यंत माझं वर्ष सप्टेंबरमध्येच संपलं होतं. दोनदा, बाळा. एकच चूक मी एकाच वर्षात दोनदा केली.

मला पैशाचं दुःख राहिलं नाही आता. सांगलीवाल्याचं आहे. तो माझ्याच वयाचा, माझ्यासारखीच नोकरी, ते तिसऱ्या भागातलं वाक्य त्याच्या मानेवर पण तेवढंच होतं. मी जर त्या मार्चमध्ये गाडीत बसल्या बसल्या ते पान त्याच्या हातात दिलं असतं आणि म्हटलं असतं, बाथरूमचं राहू दे, हे वाच, हे तुझ्या पक्षाने तुझ्याशी केलंय, तर त्याने काय केलं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित त्याच्या आमदाराला एक फोन केला असता, आणि रिपब्लिकन मतदाराचा फोन त्या माणसाला माझ्या शंभर फोनपेक्षा जास्त टोचला असता. ते मला कधीच कळणार नाही, तो २०१८ ला फिनिक्सला गेला, निघताना भेटला पण नाही.

तुझी मैत्रीण म्हणेल की वाचून काय होतं, रस्त्यावर उतरायला लागतं. मला पण लोक म्हणालेत. २०१३ च्या मोरल मंडे आंदोलनात रेव्हरंड बार्बरबरोबर जोन्स स्ट्रीटवरच्या विधिमंडळात माणसं दर सोमवारी अटक करून घेत होती, नऊशेच्या वर अटका झाल्या त्या वर्षी, आणि मी गेलो नाही. माझा नागरिकत्वाचा अर्ज आत होता, अटक झाली असती तर ते फॉर्मवर लिहायला लागलं असतं, घरात दोन मुलं होती. याला घाबरटपणा म्हणणाऱ्यांनी तो फॉर्म कधी भरलेला नसतो. उतरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, तू उतर, तू इथे जन्मलीस, तुझा तो हक्क आहे. पण त्याच वर्षी जुलैत मोटारसायकल सुरक्षेच्या बिलात गर्भपाताचे निर्बंध घालून पाठवले, आणि ते घातल्याचं आधी कोणाला कळलं? कमिटीचं कामकाज बघणाऱ्या आणि कागद वाचणाऱ्या लोकांना. कोणीतरी वाचतं म्हणून रस्त्यावरच्यांना घोषणा मिळते. हे काम कमी दर्जाचं आहे असं मी कोणाकडून ऐकून घेणार नाही, आणि तुझ्या वयाच्या मुलीने तर नाहीच म्हणायचं.

"दोन्ही पक्ष सारखेच" असं पण लिहिलंयस. हे आळसाचं वाक्य आहे, परत लिहू नकोस. डेमोक्रॅट्सच्या हातात इथलं विधिमंडळ होतं तेव्हा मतदारसंघाचे नकाशे त्यांनी पण सोयीने काढले, खरंय, तो आय-८५ हायवेला चिकटून गेलेला सापासारखा मतदारसंघ नव्वदच्या दशकात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. आणि २०१७ ला एचबी २ रद्द झालं म्हणून आपण पेढे वाटले, कूपरची सही होती, तर त्या रद्द करणाऱ्या बिलात शहरांना असे नियम करायला डिसेंबर २०२० पर्यंत बंदी होती. आपल्या माणसाची सही होती म्हणून आपल्यापैकी कोणी वाचलं नाही! पण हे सगळं मला माहितीये ते मी कागद वाचला म्हणून, आणि कागद वाचला की कोणी काय केलं, किती केलं, कधी केलं हे वेगवेगळं दिसतं, मग सारखेच म्हणवत नाही.

आता कसं वाचायचं. विधिमंडळाच्या साईटवर बिलाचा नंबर टाक, नाव वाचूच नकोस आधी. सगळ्या आवृत्त्या ओळीने दिसतात, पहिली आणि शेवटची शेजारी शेजारी उघड, पोटात काय भरलं ते तिथेच कळतं. जुन्या कायद्यातले जे शब्द काढलेत त्यांच्यावर रेघ मारलेली असते आणि नवीन शब्दांच्या खाली रेघ असते. खोडलेलं आधी वाच. एसबी ३८२ घे, डिझास्टर रिलीफ म्हणून नाव आहे, हेलीन वादळाने ॲशव्हिलकडचा सगळा डोंगराळ भाग धुऊन नेला त्यानंतरचं, नोव्हेंबर २०२४. सव्वाशेच्या वर पानं. वादळाचा भाग सुरुवातीलाच संपतो. पुढे जात राहा, निवडणूक मंडळ कोण नेमणार तिथे गव्हर्नर या शब्दावर रेघ आहे आणि तिथे ऑडिटर लिहिलंय, आणि दोनच आठवड्यांपूर्वी लोकांनी गव्हर्नर डेमोक्रॅट आणि ऑडिटर रिपब्लिकन निवडून दिला होता. पश्चिमेकडच्या तीन रिपब्लिकन आमदारांनी नोव्हेंबरमध्ये याच्या विरोधात मत दिलं, त्यांच्याच गावांचं नाव पुढे करून हे चाललं होतं म्हणून, आणि डिसेंबरमध्ये व्हेटो उडवताना तिघेही पक्षाबरोबर गेले. कोणी कधी काय मत दिलं ते पण तिथेच असतं, नावानिशी.

मामाशी बोलणं बंद करू नकोस. त्याला शनिवारी फोन कर आणि म्हण, मामा, एसबी २० मी छापलंय, सेहेचाळीस पानं आहेत, आपण दोघं बसून वाचू, रजेचं पान तू मला दाखव आणि बाकीची मी तुला दाखवते. तो चिडेल. चिडू दे. नाही म्हणाला तर परत विचार, मी सांगलीवाल्याला एकदाही विचारलं नव्हतं. मैत्रिणीला पण बोलाव, तिचा राग मला आवडतो, तिला सांग पेन घेऊन ये.

तिघांनी माझ्याकडेच या हवं तर, रविवारी सकाळी दहाला. प्रिंटरमध्ये कागद भरून ठेवतो. काकूला पोह्यांचं सांगितलंय, मामा शेंगदाणे खात नाही ते तिच्या लक्षात आहे.

काका