इंग्लंडमधल्या जुन्या दगडी शेतघरांत माणसं आणि गुरं खरंच एकाच छपराखाली राहायची का?

हो, राहायची. डेव्हनमधल्या डार्टमूरच्या माळरानावरची 'लाँगहाउस' बघा. भिंती जाडजूड ग्रॅनाइटच्या, कारण तो दगड तिथे रानोमाळ पडलेलाच असायचा. लांबट घर मुद्दाम उताराच्या दिशेने बांधायचे. वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गोठा, मधून आरपार बोळ. पूर्वी आत शिरायची वाट दोघांचीही तीच! गोठ्यात मधोमध दगडी गटार आणि शेवटच्या भिंतीत तळाशी एक भोक. गोमूत्र त्यातून आपोआप वाहून जायचं, शेणही तिथूनच बाहेर लोटायचं. उताराचा खरा उपयोग हा.

सुरुवातीला धुराडं नव्हतंच. चूल जमिनीवर, धूर थेट वर काडाच्या छपरात. धुराडी आणि माडी बहुतेक घरांत 16व्या-17व्या शतकात आली. डेव्हनमधल्या काही घरांत छपराच्या आतल्या थराचं काजळीने काळं झालेलं काड अजून शाबूत आहे. माझ्या मते घराचं वय सांगणारी याच्याइतकी बोलकी खूण दुसरी नाही.

बहुतेक गोठ्यांच्या आता राहत्या खोल्या झाल्यात. पाउंड्सगेटजवळचं हायर अपाकॉट मात्र अपवाद. मूळ घर 14व्या शतकातलं, आणि गोठा जवळपास जसाच्या तसा.