हस्तिदंतावरील फ्लेमिश रेषा

प्रश्न : युरोपातील एका संग्रहालयात मी पंधराव्या शतकातील फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या परिसरातील, पेटी पाहिली. तिच्यावर बसवलेल्या हस्तिदंताच्या पातळ पट्ट्यांवर ख्रिस्तचरित्रातील प्रसंग उठावात घडवलेले नव्हते, ते केवळ रेघांनी कोरलेले होते. ही पद्धत कोठून आली? गोव्यातील हस्तिदंती ख्रिस्तमूर्तींशी तिचे काही नाते आहे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तेराव्या-चौदाव्या शतकांत पॅरिसच्या कारागिरांनी जे हस्तिदंती काम नावारूपाला आणले ते मुख्यतः उठावाचे होते आणि त्यासाठी दाताला पुरेशी जाडी लागे. आपण पाहिलेल्या पट्ट्या मात्र पातळ असतात, लाकडी पेटीवर जडवलेल्या असतात, आणि त्यांपैकी पुष्कळशा हस्तिदंताच्या नसून साध्या हाडाच्या असतात. नीट निरखल्यास हाडात रक्तवाहिन्यांच्या मार्गांचे बारीक काळसर ठिपके वा तुटक रेघा दिसतात. हस्तिदंतात त्या नसतात. या वस्तूंवर कारागिराची सही सहसा नसते, म्हणूनच संग्रहालये ‘दक्षिण नेदरलँड्स किंवा उत्तर फ्रान्स’ अशी सावध नोंद करतात (दक्षिण नेदरलँड्स म्हणजे साधारणपणे आजचा बेल्जियम), आणि ती सावधगिरी मला योग्य वाटते.

कारागीर टोकदार कोरणीने आकृतीची बाह्यरेषा ओढी, छाया दाखवण्यासाठी जवळजवळ रेघा मारी आणि खाचांत गडद रंग भरी. काही पट्ट्यांवर रंगांचे अंश आजही टिकून आहेत. हे काम शिल्पकाराच्या हातापेक्षा सोनाराच्या आणि ताम्रपट कोरणाऱ्याच्या हाताला अधिक जवळचे आहे. तांब्यावर किंवा लाकडावर कोरून कागदावर चित्रे छापण्याची कला ऱ्हाइन नदीचे खोरे आणि नेदरलँड्स या भागांत याच शतकात फोफावली, आणि पेट्यांवरील काही प्रसंग तर ‘बिब्लिया पाउपेरुम’ (‘गरिबांचे बायबल’) या छापील चित्रग्रंथावरूनच उचललेले आहेत. या ग्रंथात प्रत्येक पानाच्या मध्यभागी ख्रिस्तचरित्रातील एक प्रसंग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याची पूर्वसूचना मानलेले बायबलच्या जुन्या करारातील प्रसंग असतात : क्रूसावरील ख्रिस्ताशेजारी इसहाकाचे बलिदान करू निघालेला अब्राहाम आणि खांबावरचा पितळी सर्प, ख्रिस्ताला कबरीत ठेवण्याच्या प्रसंगाशेजारी विहिरीत टाकलेला योसेफ आणि माशाने गिळलेला योना. ही जोडणी ठाऊक नसेल, तर ख्रिस्ताच्या कथेत मासा कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

गोव्याविषयी सांगायचे, तर या पट्ट्यांशी तेथील मूर्तींचे थेट नाते जोडू नये. गोव्यातील सोळाव्या-सतराव्या शतकांतील हस्तिदंती काम प्रामुख्याने मूर्तींचे आहे. मेंढपाळाच्या रूपातील बाल ख्रिस्त हा त्याचा सर्वांत परिचित नमुना होय. नाते आहे ते छापील चित्रांच्या मार्गाने. जेसुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे) पाद्री जेरोनिमो नादाल यांच्या ग्रंथासाठी छापलेली 153 ताम्रपटचित्रे 1593 साली अँटवर्पमध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतील बरीचशी वीरिक्स बंधूंनी कोरलेली होती, आणि अशी फ्लेमिश चित्रे मिशनऱ्यांबरोबर आशियात पोहोचून येथील कारागिरांच्या नमुन्यादाखल वापरली गेली. त्याआधीच, 1580 मध्ये, गोव्याहून फतेहपूर सिक्रीला गेलेल्या जेसुइटांनी अकबराला अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातील अनेकभाषी बायबल भेट दिले होते. तेव्हा जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालयात हस्तिदंती मूर्ती पाहताना त्यांतील फ्लेमिश अंश कोरणीच्या पद्धतीत शोधू नये. तो प्रसंगांच्या मांडणीत आणि वस्त्रांच्या चुण्यांत शोधावा.