निकाल हाती देण्याआधी

तू जनुकीय समुपदेशनात नवी आहेस, म्हणून आधी हे सांगते: नवजात बाळाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून आलेल्या अहवालातलं प्रत्येक अक्षर आईवडिलांना सांगायचं नसतं. प्रत्येक बाळाच्या जीनोममध्ये लाखो फरक असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. ज्यांचा अर्थ अजून लागलेला नाही, असे फरक धडधाकट बाळाच्या अहवालात घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्यातून इलाज काहीच निघत नाही, फक्त घराची झोप उडते.

टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणारी तपासणी १९६० च्या दशकात फिनाइलकीटोन्युरिया या चयापचयाच्या जन्मजात विकारापासून सुरू झाली. ती जुनी म्हणून बाजूला सारू नकोस. ती रक्तातली रसायनं मोजते, आपण डीएनए वाचतो. काही चयापचयाचे विकार तिथेच नेमके सापडतात. उलट स्नायू दुबळे करत नेणारी स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी डीएनएवरूनच कळते, आणि तिथे लक्षणं दिसण्याआधी उपचार सुरू झाले तर बाळ बसायला, चालायलाही शिकू शकतं. इंग्लंडच्या ‘जनरेशन स्टडी’ या नवजात बाळांचा जीनोम वाचणाऱ्या संशोधन प्रकल्पाने १,००,००० बाळांचं उद्दिष्ट ठेवलं, पण यादीत घेतले ते लहानपणीच उपचार करता येणारे दोनशेहून अधिक विकार. ही निवड मला फार पटते.

संमतीचं बोलणं गरोदरपणातच कर. प्रसूतीनंतर थकलेली आई कशावरही सही करते. आणि ‘निकाल निगेटिव्ह’ म्हणजे आजार होणारच नाही असं नव्हे, हे त्यांच्याकडून त्यांच्याच शब्दांत वदवून घे.