बंदुकीचं बिल कुठवर आलं?

जानेवारीत अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांची विधिमंडळं भरतात आणि माझ्या या सदरात बंदुकांचे प्रश्न यायला लागतात. वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल म्हणून माझी बरीच वर्षं गेली. कुठलं बिल कोणत्या समितीत अडकलंय हे रोज बघून साहेबांच्या टेबलावर कागद ठेवणं हे तिथलं माझं काम. घरी नवरा क्ले शूटिंगला जातो, मी जात नाही. बंदूक असावी की नसावी यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही, त्यामुळे तो वाद इथे नको. बिल कसं वाचायचं, त्याच्या मागावर कसं राहायचं, एवढंच सांगते. मी वकील नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : मी व्हर्जिनियात, लाउडन काउंटीत राहतो. नेमबाजीच्या रेंजसाठी घेतलेली एक एआर-१५ (सेमी-ऑटोमॅटिक रायफल) माझ्याकडे आहे. दर हिवाळ्यात व्हॉट्सॲपवर ‘बंदी आली, आता पोलीस घरी येऊन बंदुका नेणार’ असा मेसेज फिरतो. खरं काय ते कसं ओळखायचं?

मेसेजमध्ये बिलाचा नंबर आणि वर्ष दिलंय का ते आधी बघा. नसेल, तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका. असेल, तर व्हर्जिनिया विधिमंडळाच्या ‘लेजिस्लेटिव्ह इन्फर्मेशन सिस्टिम’वर, म्हणजे सगळे ज्याला एलआयएस म्हणतात तिथे, तो नंबर टाका. वर्षही नीट निवडा. दर सम वर्षी नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे जुन्या एचबी २ चा (म्हणजे हाउस बिल २ चा) स्क्रीनशॉट नवा म्हणून सहज खपतो.

२०२४ चंच बघा. त्या वर्षी हाउसमध्ये एचबी २ आणि सिनेटमध्ये एसबी २ अशी जोडीची बिलं होती, विषय ‘असॉल्ट फायरआर्म्स’, म्हणजे साधारण तुमच्या एआर-१५ सारख्या बंदुका. जप्तीचे मेसेज तेव्हाही जोरात होते. मजकूर उघडला तर काय दिसत होतं? विक्री, खरेदी, उत्पादन, आयात आणि हस्तांतर यांवर बंदी. पण १ जुलै २०२४ पूर्वी बनलेली बंदूक त्या व्याख्येतूनच वगळलेली. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनच्या विक्रीवरही बंदी. आणि एकवीसच्या आतल्यांसाठी नियम वेगळा व जास्त कडक : त्यांना काही अपवाद सोडले तर अशी बंदूक बाळगताही येणार नव्हती, मग ती कधीही बनलेली असो. तुमच्या घरी एकोणीस वर्षांचा मुलगा असता, तर तुमच्या कामाचं वाक्य हे होतं. व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये नेमकं तेच नव्हतं.

ती दोन्ही बिलं विधिमंडळात मंजूर झाली. गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी मार्च २०२४ मध्ये दोन्हींवर व्हेटो वापरला, आणि तो उलटवायला दोन्ही सभागृहांत लागणारी दोन तृतीयांश मतं नव्हती. म्हणजे ‘दोन्ही सभागृहांत पास’ ही बातमी खरी होती, तरी कायदा झाला नाही.

आता त्या पानावरची भाषा. ‘पास्ड बाय इन्डेफिनिटली’ असं दिसलं तर बिल मेलं. ‘लेफ्ट इन कमिटी’ म्हणजेही मेलं, फक्त कुणी हात वर करून मारलं नाही. सम वर्षी ‘कंटिन्यूड’ दिसलं तर ते पुढच्या वर्षी उठू शकतं. ‘सब्स्टिट्यूट’ हा शब्द दिसला की मात्र जागे व्हा. मूळ मजकूर काढून त्या जागी नवा घातलेला असतो. कधी दोन ओळींचा फरक असतो, कधी सगळंच बदललेलं असतं. नेहमी सर्वांत ताजा मजकूर उघडा. पहिल्या मजकुरावरून घाबरणारे आणि पहिल्या मजकुरावरून आनंदी होणारे, दोघेही मी भरपूर पाहिलेत.

अधिवेशन सम वर्षी साठ दिवसांचं असतं, विषम वर्षी तीस (ते बहुधा शेहेचाळीसपर्यंत वाढवतात). साधारण मध्यावर ‘क्रॉसओव्हर’ येतो. त्या दिवसापर्यंत आपल्या सभागृहातून न निघालेलं बिल त्या वर्षापुरतं संपतं. रोज बघायचा कंटाळा असेल, तर क्रॉसओव्हरच्या दुसऱ्या दिवशी बघा, निम्मी यादी गळालेली असते. नंतर वसंत ऋतूत गव्हर्नरच्या दुरुस्त्या आणि व्हेटो यांच्यासाठी विधिमंडळ पुन्हा भरतं, तो दिवसही चुकवू नका. कायदा झालाच, तर वेगळं काही लिहिलेलं नसताना तो १ जुलैला लागू होतो.

प्रश्न : आम्ही इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला राहतो. माझ्याकडे एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगण्यासाठी लागणारं राज्याचं ओळखपत्र) आहे. ‘फायरआर्म’ शब्दाचा अलर्ट लावून ठेवला तर पुरेल ना?

तुमच्या राज्यात तर मुळीच पुरणार नाही. तुमच्याकडे आज लागू असलेला सगळ्यात मोठा बंदूक-कायदा ज्या बिलातून आला, ते सुरुवातीला विम्याचं बिल होतं.

एचबी ५४७१ हे २०२२ मध्ये मांडलं गेलं तेव्हा विमा संहितेत ‘पब्लिक ॲडजस्टर’ लोकांबद्दल बदल सुचवत होतं. नुकसानभरपाईचा दावा ग्राहकाच्या वतीने लढवणारे ते लोक. हाउसमधून ते पास होऊन सिनेटमध्ये पडून होतं. दरम्यान ४ जुलै २०२२ ला हायलंड पार्कच्या मिरवणुकीत गोळीबार झाला. असॉल्ट वेपन्सवर बंदीचं बिल त्या डिसेंबरात हाउसमध्ये आलं. त्याचा नंबर वेगळा होता, एचबी ५८५५. हाउसने तो विषय जानेवारी २०२३ मध्ये एसबी २२२६ या दुसऱ्याच बिलात घालून मंजूर केला. पण शेवटी सिनेटने काय केलं, तर विम्याच्या बिलातला मजकूर काढून त्यात बंदुकांचा मजकूर भरला. ९ जानेवारी २०२३ ला सिनेटमध्ये मंजूर, १० तारखेला हाउसची संमती, त्याच संध्याकाळी गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांची सही, आणि विक्रीवरची बंदी लगेच लागू.

असं का करतात? इलिनॉयच्या राज्यघटनेप्रमाणे प्रत्येक सभागृहात बिलाचं तीन वेगवेगळ्या दिवशी वाचन व्हावं लागतं. जुन्या बिलाची एका सभागृहातली वाचनं उरकलेली असतात. नवं विधिमंडळ ११ जानेवारीला शपथ घेणार होतं, वेळ उरला नव्हता. रिकाम्या डब्यात नवा माल भरून पाठवला, इतकं सरळ. यात कुणाला चातुर्य दिसतं, कुणाला लबाडी. मला विचाराल तर कायदा चांगला असो की वाईट, लोकांना तो वाचायला पुरेसे दिवस मिळायला हवेत. तुमचा पक्ष कोणताही असो, ही पद्धत एक दिवस तुमच्या विरोधात वापरली जाणारच.

तर तुम्ही असं करा. शब्दाच्या अलर्टबरोबर कायद्याच्या कलमाचा अलर्टही लावा. इलिनॉयमध्ये एफओआयडीचा कायदा ‘४३० आयएलसीएस ६५’ या क्रमांकाखाली आहे. बिलाचं नाव काहीही असलं, तरी ते ज्या कलमाला हात लावणार त्याचा क्रमांक मजकुरात लिहावाच लागतो. लेजिस्कॅनसारख्या सेवांमध्ये पन्नासही राज्यांच्या बिलांच्या मजकुरात शोध घेता येतो. नोव्हेंबर आणि जानेवारीतले ‘लेम डक’ दिवस, म्हणजे निवडणूक झाली आहे पण जुनेच सदस्य खुर्चीत आहेत असे दिवस, कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

आणि सहीनंतर फाईल बंद करू नका. याच कायद्यात आधीपासून जवळ असलेल्या बंदुकांच्या नोंदणीसाठी १ जानेवारी २०२४ ही तारीख होती. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कायदा उचलून धरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका फेडरल न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला. डिसेंबरात वरच्या कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. नोव्हेंबरची बातमी वाचून कुणी दुकानात धावला असेल, तर त्याने डिसेंबरची वाचली नव्हती.

प्रश्न : मी एच-१बीवर डॅलसजवळ राहतो. टेक्ससमध्ये आता परवान्याशिवाय पिस्तूल सोबत घेऊन फिरता येतं असं ऑफिसातले सांगतात. मग मीही घेऊ शकतो का? नवं बिल येण्याची वाट बघावी का?

घेऊ नका. राज्याच्या कुठल्याही बिलाची वाट बघूनही उपयोग नाही.

ऑफिसातले २०२१ च्या एचबी १९२७ बद्दल बोलतायत. ते १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. पण ज्याला कायद्याने मुळात बंदूक बाळगता येते, त्याच्यापुरतंच ते परवान्याची अट काढतं. तुमची अडचण फेडरल कायद्यात आहे. नॉन-इमिग्रंट, म्हणजे एच-१बीसारख्या तात्पुरत्या, व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ वैध शिकार परवाना, पण ‘मित्राने सांगितलं परवाना काढला की झालं’ एवढ्यावर जाऊ नका. इमिग्रेशन वकिलाला विचारा. या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे, आणि बंदुकीचा गुन्हा हे देशाबाहेर काढण्याचं कारणही होऊ शकतं. मित्राची बंदूक रेंजवर हातात धरणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं. ग्रीन कार्ड झालं की हे विशिष्ट बंधन उरत नाही.

बाकी टेक्ससचं विधिमंडळ फक्त विषम वर्षी नियमित भरतं, १४० दिवस. सम वर्षी ‘टेक्ससमध्ये बिल पास झालं’ असं कुणी म्हणालं, तर गव्हर्नरने खास अधिवेशन बोलावलं होतं का, एवढं विचारा.

प्रश्न : आम्ही वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलजवळ राहतो. मला बंदूक नको आहे, पण या बिलांवर मत नोंदवायचं आहे. मी अजून नागरिक नाही. चालेल?

चालेल. मतदानाला नागरिकत्व लागतं, समितीपुढे मत मांडायला नाही. तुमच्या राज्यात तर बोलायचीही गरज नाही. सुनावणीच्या एक तास आधीपर्यंत विधिमंडळाच्या साइटवर ‘प्रो’ किंवा ‘कॉन’ अशी नोंद करता येते. सुनावणीचं वेळापत्रक मात्र ऐनवेळी बदलतं, सकाळी पुन्हा बघा.

तुमच्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. काही मोठे बंदूक-कायदे बिल म्हणून आलेच नाहीत. २०१४ चा आय-५९४ (खासगी विक्रीतही पार्श्वभूमी तपासणी) आणि २०१८ चा आय-१६३९ (सेमी-ऑटोमॅटिक रायफलसाठी २१ वर्षांची अट) हे थेट मतदारांनी मंजूर केले. नुसत्या विधिमंडळाच्या बिलांवर नजर ठेवून भागलं नसतं. असे प्रस्ताव, म्हणजे ‘इनिशिएटिव्ह’, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे दाखल होतात, तिथेही नजर ठेवा.

लागू होण्याची तारीखही बघा. २०२३ चं एचबी १२४०, म्हणजे असॉल्ट वेपन्सच्या विक्रीवर बंदीचं बिल, गव्हर्नरची सही झाली त्याच दिवशी, २५ एप्रिलला लागू झालं, कारण त्यात तातडीचं कलम होतं. २०२५ चं एचबी ११६३, ज्यात खरेदीआधी परमिट आणि प्रशिक्षणाची अट आहे, ते लागू व्हायची तारीख १ मे २०२७ अशी घातली गेली. सही आणि अंमल यांत एवढं अंतर असलं की मधल्या अधिवेशनांत त्याच कायद्याला दुरुस्त्या सुचवणारी बिलं येऊ शकतात. तुम्हाला मत नोंदवायचं असेल तर तीही शोधा, नुसत्या ११६३ या नंबरवर थांबू नका.