फ्रेंडशिप पीकसाठी कर्ज काढू का?

धरमपेठेतल्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. पगार 46,000, घरखर्च 32,000, आई त्यांच्यावरच अवलंबून, बँकेत दीड लाखाची एफडी. येत्या सप्टेंबरात मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक हे शिखर चढायचं आहे. प्रवास, कपडे धरून खर्च 75,000. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ, असं त्या विचारतात.

ताई, जरूर जा. पण सप्टेंबरात नको, पुढच्या जूनमध्ये जा.

एफडी अर्धी मोडलीत तर उरतो जेमतेम सव्वादोन महिन्यांचा घरखर्च. आईंना एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं की तोही संपला. त्या पैशाला हात लावू नका.

कर्ज 15 टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतलंत तर हप्ता सुमारे 6,770 आणि व्याज सव्वासहा हजारांच्या आसपास. ते तुम्ही फेडाल. मला काळजी वेगळीच आहे. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, आणि हे शिखर 5,289 मीटरवर. नवख्यांना जमतं म्हणतात, तरी चढाई बर्फातली आहे. शेवटच्या दिवशी मध्यरात्रीनंतर निघतात, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. अशा अंधारात उंचीवरच्या विरळ हवेनं डोकं ठणकतंय, मळमळतंय, आणि गाइड विचारतो, ‘बरं वाटतंय ना?’ बारा हप्ते डोक्यावर असलेला माणूस तेव्हा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. तुम्हाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. म्हणून कर्ज नको.

तुमच्या हाती महिन्याला 14,000 उरतात. ऑगस्टपासून 8,000 चं रिकरिंग लावा. मेपर्यंत 80,000 जमतात, वर थोडं व्याज. उरलेले 6,000 एफडीत भर घालायला ठेवा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलेला बरा.

बर्फातले बूट, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे दाते), आइस अॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) विकत घेऊ नका, ते भाड्यानं मिळतात. चालायचे बूट मात्र स्वतःचे घ्या आणि आत्ताच घ्या, सेमिनरी हिल्सच्या चढावर पाठीवर ओझं घेऊन ते पायात रुळू द्या. हवा बिघडली तर जादा दिवस फीमध्ये धरलाय का, हे आयोजकांकडून लेखी घ्या.

आणि विमा. बऱ्याच आरोग्य आणि अपघात पॉलिसींमध्ये गिर्यारोहण वगळलेलं असतं. किती मीटरपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा खर्च मिळतो का, हे दोन्ही बघा. पैसे भरण्याआधी पॉलिसीचा कागद माझ्याकडे पाठवा, मी वाचून कळवतो.